भर उन्हातली दिवेलागण

दसऱ्याच्या दिवशी सकाळी साडेदहाला, मुलुंडच्या सांदीपनी सोसायटीत डोळ्यांवर आडवा हात धरल्याशिवाय गॅलरीत उभे राहवू नये असे लख्ख ऊन पडलेले असताना, फाटकापासून मागच्या गॅरेजांपर्यंतच्या रस्त्यावरचे आठही दिवे एकदम लागले.

"अहो," जानकी गॅलरीतून म्हणाली, "तुमच्या यंत्राला सांजावलं."

जयवंत परब मोरीत हात धूत होता. बोटांवरचे कुंकू साबणालाही दाद देत नव्हते. तो तसाच ओल्या हातांनी बाहेर आला आणि कठड्यावरून वाकून पाहू लागला. उन्हात लागलेला दिवा उजेड पाडत नाही. तो नुसताच लागलेला असतो, लग्नघरी चुकून आदल्या दिवशी येऊन बसलेल्या पाहुण्यासारखा, अवघडून, सगळ्यांना दिसत. असे आठ पाहुणे ओळीने उभे होते. तीन आठवडे एकदाही न चुकलेले यंत्र आज, नेमके आज चुकले होते. अर्ध्या तासात सेक्रेटरी चौबळ सर कमिटीला घेऊन शेवटची पाहणी करायला खाली उतरणार होते. जयवंतने धास्तावायला हवे होते. त्याऐवजी त्याला आनंद झाला. कुठून तरी खालून, पायांच्या तळव्यांतून वर यावा तसा तो आनंद आला, आणि इतका अचानक की त्याने कठडा घट्ट धरला.

"हसताय काय?"

"मी हसतंय खंय?"

"आरशात बघा जाऊन. स्वतःच्या हातचं काम फसलं म्हणून हसणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय."

त्याने चपला पायात सरकवल्या, टेस्टर खिशाला लावला आणि जिना उतरू लागला. हसू त्याच्याबरोबर एक मजला उतरले आणि मग मागे राहिले. आनंद का झाला, हा प्रश्न मात्र पायरीगणिक सोबत येत होता, आणि त्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे, हेही.

सांदीपनी ही शिक्षकांची सोसायटी. इथले घर जानकीचे होते, तिच्या शाळेच्या नोकरीवर मिळालेले. लालबागच्या गिरणीत सत्तावीस वर्षे वायरमन असलेला जयवंत संपानंतर जो घरी बसला तो बसलाच, आणि गेल्या पाच वर्षांत त्याचे नाव हळूहळू झिजत जाऊन 'परबबाईंचे मिस्टर' एवढेच उरले. कुणी वाईट बोलत नसे. शिक्षक माणसे, सौजन्याने बोलत. पण इस्त्रीचे कपडे आणायला, दळण टाकायला खाली उतरताना त्याला आपल्या हातांचे काय करावे हे कळेनासे होई. ते खिशात घातले तरी जड वाटत, बाहेर ठेवले तरी. गिरणीत त्याला असे कधी वाटले नव्हते. तिथे संध्याकाळी साडेसहाला तो विजेच्या मुख्य पाटीपाशी उभा राही, मोठा खटका वर ढकली, आणि साचाखात्यातले, म्हणजे विणकामाच्या मागांवरचे, दोनशे दिवे एका दमात पेटत. साचे थांबत नसत, खडखडाट कमी होत नसे, पण त्या खडखडाटातच दोनशे माणसांचे हात क्षणभर कपाळाला लागत. दिवेलागणीचा नमस्कार. तो दिव्याला असे, लक्ष्मीला असे, आपल्याला खचितच नसे, हे त्याला ठाऊक होते. तरी खटक्यावर हात आपला असल्यामुळे त्यातला लहानसा वाटा आपल्याकडे वळतो, असे त्याला सत्तावीस वर्षे वाटत आले होते.

पहिल्या मजल्याच्या वळणावर तो थांबला आणि दोष शोधू लागला. वायरमन दोष आधी डोक्यात शोधतो. दिवा न लागणे हा एक दोष; नको तेव्हा लागणे हा दुसरा, आणि तो बहुधा माणसाचा असतो. तार? तार तुटली असती तर दिवे लागलेच नसते. रिले, म्हणजे विजेने आपोआप ओढला जाणारा खटका, चिकटून बसला असेल? नवा आहे, लॅमिंग्टन रोडवरून स्वतः पारखून आणलेला. उरला तो डोळा. नखाएवढी चकती; तिच्यावर आभाळाचा उजेड पडत असेतो ती रिलेला झोपवून ठेवते, उजेड ओसरला की जागे करते. सोसायटीतली सगळी लहानथोर माणसे तिला डोळाच म्हणत. पहिल्या आठवड्यात या डोळ्याने त्याची चांगलीच शोभा केली होती. दिवे लागत, त्यांचाच उजेड डोळ्यात जाई, डोळ्याला वाटे सकाळ झाली, दिवे जात, पुन्हा रात्र, पुन्हा दिवे. सगळी सोसायटी डोळे मिचकावते आहे म्हणून समोरच्या चाळीतली माणसे गच्चीवर येऊन पाहत उभी राहिली होती. मग त्याने डोळ्याला पत्र्याची वीतभर नळी बसवली, नळीच्या तोंडाला रुपयाएवढी काच लावली आणि तिचे तोंड पश्चिमेच्या मोकळ्या आभाळाकडे वळवून दिले. तेव्हापासून डोळा शहाण्यासारखा वागू लागला.

ते सगळे त्याने एकट्याने केले नव्हते. फाटकापासून मीटरखोलीपर्यंत तार पुरायला चर खणला तो शिवदासने. शिवदास वानखडे, सोसायटीचा संध्याकाळचा पहारेकरी. मूळचा बुलढाण्याकडचा, राहायला घाटकोपरच्या टेकडीवर. तेरा वर्षे रोज सांजेला तो फाटकापाशी येई, लोखंडी खुर्चीच्या पाठीवर आपला निळा पंचा टाकी आणि एक-एक खांबाचे बटण दाबत मागच्या गॅरेजांपर्यंत जाई. पण तेवढ्यात फाटक मोकळे राही, आणि नेमक्या त्याच वेळात पावसाळ्यात दोन स्कूटरींची चाके गेली. त्यावर सभा झाली, आणि चौबळ सरांनी, ते शाळेत विज्ञान शिकवीत, सांगितले की दिवे आपोआप लागतील आणि फाटकातून कुणी आत आले की घंटा वाजेल अशी योजना हल्ली करता येते. "आणि करणारा माणूस आपल्या घरातच आहे." त्या एका वाक्यासरशी परबबाईंच्या मिस्टरांना पुन्हा नाव मिळाले. फाटकाच्या एका खांबाला डब्यात बारीक दिवा, समोरच्या खांबाला दुसरा डोळा. मधली उजेडाची रेघ कुणी तोडली की पहारेकऱ्याच्या खोलीत एकदा ठण्ण वाजे. पाचव्या इमारतीतल्या वृद्ध उत्तराबाई तर रेघ ओलांडताना थांबून घंटेला "आलेय हो मी," असे सांगूनच आत येत.

कामाच्या तिसऱ्या दिवशी शिवदास चरात कमरेएवढा उभा होता, घामाने निथळत, आणि तार हळूहळू सोडत म्हणाला होता, "परबभाऊ, तुम्ही शिटी मारता हो काम करताना."

"मी?"

"आता बंद केली. मारा ना. बरं वाटते ऐकायला."

त्याच संध्याकाळी चौबळ सरांनी जयवंतला बाजूला घेऊन, खाजगी म्हणून, सांगितले होते की यंत्र दसऱ्यापर्यंत बिनतक्रार चालले तर दिवाळीपासून संध्याकाळच्या पहारेकऱ्याची गरज उरणार नाही; तसा ठराव आहे; शिवदासला आत्ता बोलू नका, माणूस उगीच धसका घेतो. जयवंतने मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्याने शीळ घालून पाहिली. ती आली नाही. तीन आठवडे यंत्र बिनचूक चालले आणि रोज सांजेला दिवे आपोआप लागताना तो दोन गोष्टी एकदम अनुभवत राहिला: छाती भरून येणे, आणि मानेमागे काही तरी थंड सरपटणे. 'गिरणीत नवे साचे आले तेव्हा तू कुठे होतास?' असे तो स्वतःला विचारी. तेव्हा तो पाटीपाशीच होता. नव्या साच्यांच्या तारा त्यानेच जोडल्या होत्या. एका माणसाने चार साचे चालवावेत अशी ती सोय होती, आणि उरलेली माणसे दसऱ्याचे पेढे वाटून, हसतखेळत गेली होती. कारण काही तरी होईलच असे तेव्हा सगळ्यांना वाटे.

म्हणून आनंद. यंत्र चुकले, म्हणून आनंद. तळमजल्याच्या पायरीवर त्याने हे स्वतःशी कबूल केले आणि त्याला थोडे हलके वाटले. थोडी लाजही वाटली, कारण ज्या हातांना पाच वर्षांनी काम मिळाले होते त्यांचेच अपयश तो साजरे करीत होता.

खाली, पहिल्या दिव्याच्या खांबापाशी, मान वर करून शिवदास उभा होता. ही त्याची वेळ नव्हती. अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरा पायजमा, खिशाला निळे पेन.

"जयभीम, परबभाऊ. हे काय केलं? सणाची रोषणाई?"

"जयभीम. तू या वेळी कसा?"

"विहारात चाललो. आज आमचा दिवस ना. आमची शांताबाई अन् पोरी टेशनावर उभ्या आहेत. म्हटलं जाता जाता तुम्हाला इचारून घ्यावं." तो जरा अडखळला. "आज सांजेला मी नाही आलो, तर चालेल का? दिवे तुमचे लागतातच. घंटा वाजतेच. दिवसाचा अंबादास सातपर्यंत बसतो म्हणाला. सांजच्याला विहारात मेणबत्त्या लावतात सगळे मिळून. तेरा वर्षं झाली, मी दिवेलागणीला घरी नाही. धाकटीनं तर मला सांजेचं पाहिलंच नाही. तिला वाटते बाप दुपारीच असतो."

जयवंतने दिव्याकडे बोट दाखवले. "अरे, पण... दिवे तर बघ. यंत्र बिघडलंय."

"होईल की नीट. तुमच्या हातचं आहे."

"शिवदास," जयवंत म्हणाला, आणि मग ते वाक्य त्याच्या तोंडून असे आले की जणू खटका दुसऱ्याच कुणी तरी ढकलला, "यंत्र नीट चाललं तर दिवाळीपासून तुला नको म्हणणार आहेत. मला ठाऊक होतं. मी बोललो नाही."

शिवदासने दिव्यावरची नजर काढली नाही. "मला बी ठाऊक होतं. चौबळ सरांनी तुमच्या आधी मलाच सांगितलं. म्हणाले, परबांना बोलू नको, त्यांचं मन कामात राहणार नाही."

"आणि तू चर खणलास?"

"मंग? मी नसतो खणला तर दुसऱ्यानं खणला असता, वाकडातिकडा." त्याने खिशातले पेन सारखे केले. "अन् तुम्ही शिटी मारत होते, भाऊ. पाच वर्षं तुम्हाला दळणाचा डबा घेऊन जाताना पाहिलं मी. डबा जड नसायचा, पण तुम्ही जड चालायचे. आता काय बोलावं तुम्हाला?"

मीटरखोलीच्या दारापाशी पडवीत स्टूल होते. जयवंत त्याच्यावर चढला. बोलण्यापेक्षा चढणे सोपे होते. दारावरची नळी हाताशी आली, आणि त्याला दोष दिसला. रुपयाएवढ्या काचेवर, बरोबर मधोमध, ओल्या हळदीचा जाड टिळा होता आणि त्यावर कुंकू. वर झेंडूची एक पाकळी चिकटलेली. डोळा मिटलेला होता.

तो तसाच स्टुलावर उभा राहिला. सकाळी त्याने पक्कड, टेस्टर, हातोडी पाटावर मांडून पूजा केली होती. दर दसऱ्याला करी तशी. मग तबकात हळदकुंकू उरले, आणि उरले ते वाया कशाला म्हणून तो मागच्या जिन्याने खाली आला. मीटरखोलीत पाटीला लावले, रिलेच्या डब्याला लावले, आणि मग? मग त्याला आठवत होता तो गिरणीतला शेवटचा दसरा: धुऊन पुसून बसवलेले साचे, प्रत्येकाच्या गळ्यात माळ, मालकांच्या फोटोपेक्षा मोठा झेंडूचा हार मुख्य पाटीला, आणि तो एकेका खटक्याला बोट लावत चाललेला, एकालाही न वगळता, कारण वगळलेला खटका वर्षभर रुसतो अशी समजूत. तेच बोट इथे नळीपर्यंत चालत आले होते. फाटकावरची माळ उजेडाच्या रेघेच्या वीतभर वर राहील याची त्याने काळजी घेतली होती. माळेचा विचार डोक्याने केला होता. कुंकवाचा विचार कुणी केलाच नव्हता. कुंकू कपाळाला लावायचे असते, आणि नळीचे कपाळ म्हणजे तिची काच.

"काय झालं वरती?" शिवदासने विचारले.

"दसरा झाला," जयवंत म्हणाला.

समोरच्या इमारतीच्या दारातून चौबळ सर बाहेर पडत होते. मागे उत्तराबाई आणि कमिटीतले दोघे, हातांत आपट्याची पाने. जयवंतच्या खांद्यावर फडके होते. एकदा फिरवले असते तर दिवे विझले असते, ते इथवर पोचायच्या आत. मग यंत्र बिनतक्रार ठरले असते, आणि दिवाळीत खुर्ची रिकामी झाली असती. किंवा फडके खिशात घालून म्हणावे, 'काय झालंय कळत नाही'. शिवदास राहील, आणि परबबाईंचे मिस्टर पुन्हा दळण टाकायला जातील. दोन्ही गोष्टी सोप्या होत्या. कधी नव्हे ते त्याला दोन्ही हात हलके वाटत होते. त्याने काहीच पुसले नाही.

"परब! हे हो काय?" चौबळ सर उन्हातल्या दिव्यांकडे पाहत म्हणाले. "ऐन परीक्षेच्या दिवशी?"

"सर, या. स्टुलावर चढून बघा. दोष माझा आहे. मी डोळ्याला कुंकू लावलं."

चौबळ सर चढले, त्यांनी चष्मा वर केला, आणि विज्ञानाच्या शिक्षकाला न शोभेल असे खदाखदा हसू त्यांच्या पोटातून बाहेर पडले. स्टूल डुगडुगू लागले. शिवदासने ते पायाने दाबून धरले.

"पुसून टाका की मग," कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले.

"पुसतो. पण आधी एक ऐका. तुम्हाला लिहून दिलेल्या कागदात एक गोष्ट राहिली, ती आज सांगतो." जयवंतचा आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला, तो गिरणीतला, खडखडाटावर चढणारा आवाज होता. "आज कुंकू आहे. उद्या धूळ असेल, परवा कोळ्याचं जाळं, पावसाळ्यात गोगलगाय. फाटकाचा डोळा तर जमिनीपासून हातभर. तिथं मांजर बसलं तरी घंटा वाजणार, आणि मांजर की माणूस हे घंटेला कळत नाही. गिरणीत शंभर साचे असले तरी त्यांना पुसणारा, तेल घालणारा माणूस असे. तो काढला की साचा जेमतेम महिनाभर चाले. मी सत्तावीस वर्षं हेच बघितलं. हे यंत्र दिवे लावील, पण यंत्राकडे बघायला रोज माणूस हवा. चर शिवदासनं खणलाय. तार कुठून जाते हे मला आणि त्यालाच माहीत."

मग उत्तराबाई म्हणाल्या, "मी तर आधीच म्हटलं होतं. घंटेला 'आलेय' म्हटलं तर ती 'या' म्हणत नाही."

"बाई, ते ठरावात बसत नाही," चौबळ सर स्टुलावरून उतरत म्हणाले. त्यांनी शिवदासकडे पाहिले, मग जयवंतकडे, आणि एकदम, वर्गात चोरी पकडली जावी तसे, ओशाळे हसले. "म्हणजे तुम्ही दोघं एकमेकांशी बोललात तर."

"आत्ताच," शिवदास म्हणाला.

"मग ठराव बदलू. फेरी गेली, देखभाल आली. येण्याजाण्याची वेळ परब ठरवतील. शिवदास, चालेल?"

"चालेल, सर. पण आजच्या सांजेची सुट्टी पायजे."

जयवंतने फडके त्याच्या हातात दिले. शिवदास स्टुलावर चढला, काच आधी ओल्या बोटाने, मग फडक्याने, मग आपल्या पांढऱ्या सदऱ्याच्या टोकाने पुसली, आणि आठही दिवे विझले. ते विझलेले कुणाला दिसले नाहीत, इतके ऊन होते. पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी जयवंत फाटकाशी आला तेव्हा अंबादास खोलीत चहा पीत होता. लोखंडी खुर्ची बाहेर होती, आणि तिच्या पाठीवर निळा पंचा टाकलेला होता. सकाळी जाताना टाकला असणार. गिरणीत साचा सोडून पाणी प्यायला जाणारा विणकर असाच रुमाल टाकून जाई. जागा सुटलेली नाही, माणूस येतो आहे. जयवंत खुर्चीजवळ उभा राहिला, बसला नाही. पश्चिमेचे आभाळ केशरी झाले, मग जांभळट, मग नुसतेच मऊ. त्याच्या लक्षात आले की आपण शीळ घालतो आहोत. कधीपासून, ते त्याला सांगता आले नसते. आणि मग कुणाचाही हात न लागता दिवे लागले. अंगणात खेळणाऱ्या मुली, भाजीची पिशवी घेऊन आलेली कुणी बाई, वर गॅलरीत जानकी, सगळ्यांचे हात सवयीने जोडले गेले, आणि सवयीनेच फाटकाकडे, खुर्चीकडे वळले. जयवंतनेही हात जोडले. बोटाच्या टोकाला अजून तांबडे होते. या क्षणी तिकडे विहारात एक माणूस मुलीच्या मुठीतली मेणबत्ती पेटवून देत असेल, असे त्याने मनाशी धरले, आणि ती ज्योत त्याला या आठ दिव्यांच्या रांगेत नववी म्हणून सहज बसवता आली.

तो वर जाऊन जेवायला बसणार, तोच खालून घंटा वाजली. ठण्ण. मग लगेच पुन्हा. मग पुन्हा, आणि थोड्या वेळाने, कुणी तरी लहान पावले टाकत मागे राहिल्यासारखी, चौथ्यांदा. तो गॅलरीत आला. दिव्यांच्या उजेडात पांढऱ्या कपड्यांतली चार माणसे फाटकातून आत आली होती. शांताबाईंच्या हातात झाकलेले पातेले होते. शिवदास थांबला होता, फाटकाकडे वळून, आपल्या मागे वाजलेल्या घंटेकडे पाहत. तेरा वर्षे त्याने इथे येणाऱ्याजाणाऱ्यांवर नजर ठेवली होती, आणि आज पहिल्यांदाच त्याच्या येण्याची घंटा ऐकून कुणी तरी बाहेर आले होते.

धाकटी परत पळत गेली आणि उजेडाच्या रेघेतून पुन्हा आत आली. ठण्ण.

"परबभाऊ," शिवदासने खालून हाक मारली, "खीर आणली आहे. किती जण आलो म्हणून सांगते तुमची घंटा?"

"पाच!" जयवंत वरून ओरडला, आणि जानकीला म्हणाला, "गो, पाच वाटये काढ."